जंगलातल्या भटकंतीवरून पहिली कादंबरी कशी लिहावी?

ट्रेक, जंगलातले मुक्काम, नदीपात्रातली पायपीट असं पुष्कळ साठलंय, त्याची पहिली कादंबरी कशी करायची, असं तुम्ही विचारलंय. मी परतवाड्याकडचा, मेळघाटाच्या पायथ्याचा. सध्या याच खटाटोपात आहे, म्हणून लिहितो.

गाविलगडाच्या तटावरून सूर्यास्त पाहिला, सिपना नदीच्या वाळूत वाघाचा माग दिसला, हे मित्रांना सांगायला झकास. पण वाचक पाचव्या पानावर विचारतो, 'मग?' आपण संध्याकाळी गाडीत बसून निघून येतो, तिथंच आपली गोष्ट संपते. ज्याला निघून जाता येत नाही, असा माणूस शोधा.

मोहाच्या झाडाचंच घ्या. मार्च-एप्रिलमध्ये फुलं पहाटे गळतात. पाल्यात ती दिसत नाहीत, म्हणून काहीजण झाडाखालचा पाला पेटवतात. आग हाताबाहेर गेली की वणवा. आणि त्याच दिवसांत वनखातं आग विझवायला गावातलेच मजूर रोजंदारीवर घेतं. आता समजा, एकाच घरातला पोरगा जाळरेषेवर, म्हणजे वणवा अडवायला मोकळ्या केलेल्या पट्ट्यावर, आणि आई टोपली घेऊन मोहाखाली. वाळलेल्या फुलांचे रोख पैसे येतात, ते तिला सोडवत नाहीत. बोला, कोणाची बाजू घ्याल? मला कादंबरी इथं दिसते. पायाखालची राख, डोक्यात चढणारा मोहाचा वास तुम्ही अनुभवलाच असेल. तो आता त्या आईच्या नाकानं घ्या.

बुद्धपौर्णिमेला प्राणी मोजायला मचाणावर बसलात, तर शेजारच्या मजुराचं बोलणंही वहीत उतरवा, आणि त्याच रात्री. माझ्या वहीत आहे: "वाघ दिसला त बरं, नाही दिसला त बी बरं, मले त पोरीच्या फीचं पाहा लागते." अशा एका वाक्यासाठी मी वाघाची चार पानं फाडून टाकीन.

आणखी एक. मेळघाटातली बरीच गावं कोरकू आदिवासींची आहेत, त्यांची भाषाही वेगळी. त्यांना नुसते वाटाडे करू नका, आणि कोरकू म्हातारीच्या तोंडी उगाच झणझणीत वऱ्हाडीही घालू नका.

सुरुवातीला एकच हंगाम धरा, होळी ते पहिला पाऊस. पळस, मोह, मेमधला तेंदूपत्ता, लग्नं, आटलेले पाणवठे, सगळं त्यात बसतं. प्रत्येक प्रकरणावर महिना लिहून ठेवा. जुलैत पळस फुलवलात, तर आमच्याकडचा वाचक तिथंच पुस्तक मिटेल.