मॅडम, तुम्हाला हे क्लिअर होणारच नाही

“अभ्यासाला बसलं की घर आठवतं आणि घरी गेलं की अभ्यास.” गेल्या काही वर्षांत हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने “अभ्यासाला बसलं की” एवढं म्हटलं तरी पुढचं मी पूर्ण करू शकते. (करत नाही. ते त्यांचं वाक्य असतं.) नर्सिंगची मुलं येतात, फिजिओथेरपीची, लॅब टेक्निशियनची, आणि हल्ली ऑप्टोमेट्रीची, म्हणजे डोळे तपासायला, चष्म्याचा नंबर काढायला शिकणारी. प्रत्येकाचं घर वेगळं, रडण्याचं निमित्त वेगळं, पण शेवटी प्रश्न एकच: “मॅडम, हे बॅलन्स कसं करायचं?”

या सगळ्यांसाठी एकीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतलीय, नाव-गाव बदललंय. तिला आपण वैष्णवी म्हणू.

वैष्णवी बी. ऑप्टोमच्या तिसऱ्या वर्षाला होती. चार वर्षांचा कोर्स, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. घर बार्शीकडे, कॉलेज पुण्यात. सकाळी साडेआठला ओपीडी, दुपारी लेक्चर, संध्याकाळी लॉगबुक, आणि अधूनमधून रविवारी शिबिर. एखाद्या झेडपीच्या शाळेत नाहीतर मंगल कार्यालयात माणसांची रांग लागलेली आणि हिच्या हातात टॉर्च. या सगळ्यात घरचे फोन. आईचा रोज रात्री नऊला, म्हणजे बरोबर पुस्तक उघडल्यावर.

पहिल्या भेटीत तिने वेळापत्रक काढून दाखवलं. चार रंगांत, पट्टीने आखलेलं. आणि बावीस वर्षं हे काम करणाऱ्या मी काय केलं? ते दुरुस्त करायला बसले! इथला अर्धा तास तिकडे, आईचा फोन साडेनऊला, रविवारची सकाळ मोकळी. दोन भेटी त्यात गेल्या. तिसऱ्या भेटीला ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. वेळ उरला.”

“मग?”

“उरलेल्या वेळात रडले.”

मी पेन्सिल खाली ठेवली. वेळेचा प्रश्न असता तर तो वेळापत्रकाने सुटला असता. तेव्हा कुठे मी तिला विचारलं, जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं: “मला एक दिवस सांग. अख्खा.”

तिने दोन सांगितले.

पहिला, भाच्याच्या बारशाचा. वहिनीच्या माहेरी, लातूरला. ही आत्या, म्हणजे त्या दिवशीची मानकरी. पाळणा सजलेला, बायका “गोविंद घ्या, गोपाळ घ्या” करतायत, आणि आत्याबाई आतल्या खोलीत कोठीच्या आडोशाला मोबाइलवर कॉन्टॅक्ट लेन्सच्या नोट्स वाचतायत. सोमवारी टेस्ट होती. हाका मारून मारून बाहेर आणलं. हिने बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, आणि पाठीत धपाटे बसले तेव्हा कुठे ही भानावर आली. “मॅडम, त्याचा चेहरा मला आठवतच नाही. फोटोत बघितला तेवढाच.”

दुसरा दिवस ओपीडीतला. आदल्या रात्री आईशी वाजलं होतं. “तुला घराची काही पडलेली नाही” वगैरे. सकाळी ही एका काकांची रेटिनोस्कोपी, म्हणजे चष्म्याचा नंबर काढायची तपासणी, करत होती. अंधारी खोली, डोळ्यात पट्टीसारखा प्रकाश टाकायचा, आतून येणारी लाल चमक कुठल्या दिशेने सरकते ते बघायचं आणि भिंगं बदलत ती सरकणं थांबवायचं. तपासणारा साधारण ६७ सेंटिमीटरवर बसतो, म्हणून आलेल्या आकड्यातून १.५० वजा करायचे असतात. पहिल्या वर्षापासून घोकून घेतलेली गोष्ट. ही वजा करायलाच विसरली. सरांनी आकडा बघितला, काकांकडे बघितलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “दीड कुठे गेले? घरी ठेवून आलात?”

सर सहज बोलून गेले असतील. हिला मात्र ते महिनाभर पुरलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ऑप्टोमेट्रीच्या मुलांमध्ये ती फार सापडते. वैष्णवीने एमबीबीएससाठी दोनदा ‘नीट’ परीक्षा दिली होती. नंबर लागला नाही म्हणून ही वाट. घरी, गावात सगळे समजावणीच्या सुरात बोलायचे. “काही नाही, तेही डोळ्यांचंच आहे.” मावशी तर सरळ म्हणाली, “शेवटी चष्म्याचा नंबरच काढायचा ना? त्याला एवढा काय अभ्यास!” २०२१ साली संबद्ध आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात ऑप्टोमेट्रीही आहे. पण कायदा मावशीपर्यंत पोचायला वेळ लागतो. तेव्हा एमबीबीएसच्या मुलीला जे “बिचारी किती थकते” मिळतं, ते हिला मिळत नव्हतं. हिने थकायचं तरी कशाच्या जोरावर?

म्हणून हिने मनाशी एक गाठ मारली होती. इथे तरी पहिलं आलंच पाहिजे. आणि अभ्यास एवढा “साधा” आहे, तर घरालाही पुरलंच पाहिजे.

माझी शाळा विवेकनिष्ठ विचारांची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली ही समुपदेशनाची रीत मराठीत रुजवली ती कि. मो. फडके यांनी. तिचं सार माझ्या मते एवढंच, की इच्छा ठेवावी, हट्ट धरू नये. आणि तो हट्ट मराठीत एका अक्षरात पकडता येतो: च. पहिलं यावंसं वाटतं, ही इच्छा. पहिलं आलंच पाहिजे, हा हट्ट. इंग्रजीत शिकलेल्या माझ्या सहकाऱ्यांना हेच समजवायला अर्धा फळा लागतो. मला एक अक्षर पुरतं, याचा मला जरा अभिमानच आहे.

पण वैष्णवीला ते अक्षर दाखवून काही झालं नाही. “पटतं मॅडम,” म्हणायची. पटलेलं नुसतं मानेपुरतं असतं तेव्हा ते लगेच कळतं.

पाचवी भेट. ती ओपीडीतून थेट आली होती, ॲप्रन हातावर टाकलेला. पाण्याची बाटली काढताना सॅकमधलं सामान टेबलावर आलं. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायची पीडी स्केल, डोळा झाकायचा ऑक्लूडर, आणि एक विचित्र वस्तू. मधे दांडी, तिच्या एका अंगाला दोन भिंगं, दुसऱ्या अंगाला दोन. मी विचारलं, “हे काय गं?” खरं सांगू? संभाषण अडलं होतं आणि मला थोडा वेळ हवा होता.

“फ्लिपर. एका बाजूला प्लस दोन, दुसऱ्या बाजूला मायनस दोन. पेशंटला बारीक अक्षर वाचायला द्यायचं आणि हे डोळ्यांपुढे धरायचं. क्लिअर झालं की पलटायचं, परत क्लिअर झालं की परत पलटायचं. मिनिटात किती वेळा जमतं ते मोजायचं. डोळा फोकस किती पटपट बदलतो ते कळतं.”

मी चष्मा काढून फ्लिपर हातात घेतला. प्लसच्या बाजूने वहीतली अक्षरं एकदम स्वच्छ, जणू माझी चाळिशीच. पलटला. सगळं विरघळलं. मी वाट बघत राहिले. डोळे ताणले, वही पुढे-मागे केली.

ती हसली. माझ्या खोलीत पहिल्यांदा. “मॅडम, तुम्हाला हे क्लिअर होणारच नाही.”

“का?”

“वयाने डोळ्यातलं भिंग ताठ होत जातं. चाळिशीनंतर जवळचं बघायला ते पुरेसं फुगत नाही.”

“म्हणजे माझ्यात काहीतरी कमी आहे.”

“नाही हो! असं कसं? सगळ्यांचं होतं. चाळिशी लावायची आणि वाचायचं.” अगदी समजुतीने बोलली. पेशंटशी बोलतात तसं.

“बरं. मग तुझ्या वयाच्या पोरांना पलटल्या पलटल्या क्लिअर दिसत असेल.”

“लगेच नाही दिसत. मधे क्षणभर धूसर होतंच. आम्ही आधीच सांगून ठेवतो, धूसर झालं तरी घाबरू नका, थांबा, क्लिअर झालं की सांगा. काही जण घाईत धूसर असतानाच ‘क्लिअर’ म्हणतात. मग टेस्ट चुकते...”

आणि ती थांबली.

अशा वेळी बोलायचं नसतं. हे मला कुणी शिकवलं नाही, बोलून बोलून वाया घालवलेल्या क्षणांनी शिकवलं. पंख्याचा आवाज येत होता. तिने फ्लिपर माझ्याकडून घेतला आणि उगाच पलटत राहिली. प्लस, मायनस, प्लस, मायनस.

“मॅडम, मी धूसर असतानाच क्लिअर म्हणते.”

“कधी?”

“घरचा फोन ठेवला की लगेच पुस्तक. ओपीडीतून आले की लगेच आईला फोन. मधे थांबतच नाही. आणि धूसर झालं की वाटतं, बघ, तुला जमत नाही.” थोड्या वेळाने म्हणाली, “आणि मला पुस्तक वाचतानाच लांबचा बोर्डपण क्लिअर हवा असतो. तसा डोळाच नसतो.”

हे शेवटचं वाक्य मी त्या रात्री डायरीत उतरवून घेतलं. मी महिनाभर जे सांगायचा प्रयत्न करत होते, ते तिने तिच्या विषयाच्या भाषेत चार शब्दांत सांगितलं. माझी समजूत त्या दिवसापासून पक्की झाली की माणसाला शहाणपण बाहेरून आणून द्यावं लागत नाही. ते त्याच्या कामाच्या पिशवीत असतं. पेशंटशी आपण जितक्या मायेने बोलतो, तितक्या मायेने स्वतःशी बोलायला मात्र कुणीतरी आठवण करून द्यावी लागते.

पुढचं सगळं सुरळीत झालं, असं समजू नका. दोनच आठवड्यांनी इंटर्नलमध्ये चौथी आली आणि “च” दुप्पट वेगाने परत आला. आम्ही पुन्हा बसलो. पण आता तिच्याकडे धरायला काहीतरी होतं.

आम्ही केलेले बदल दिसायला अगदी किरकोळ होते. आईचा फोन साडेनऊऐवजी आठला, आणि दहाच मिनिटं. ही दहा मिनिटं मेसच्या पायरीवर बसून, कानाला फोन लावून, दुसरं काहीही न करता. आधी ती पाऊण तास बोलायची, पण लॉगबुक भरत भरत, आणि आईला ते कळायचं. आयांना कळतंच. दहा मिनिटांवर आल्यावर आईची तक्रार वाढेल असं वैष्णवीला वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, “आज नीट बोललीस.”

फोननंतर लगेच पुस्तक नाही. मधे पंधरा मिनिटं: चहा, कपडे धुणं, गच्चीवर एक फेरी. ही धूसर राहण्याची हक्काची वेळ. तुम्ही डोळ्यांची मुलं पेशंटला सांगता ना, दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघा? मग स्वतःच्या मनाला तेवढी सुट्टी देताना हात आखडता का घेता?

आणि महिन्याच्या सुरुवातीला घरी सांगून टाकायचं, या महिन्यात काय धूसर राहणार आहे ते. “परीक्षा आहे, चुलतबहिणीच्या साखरपुड्याला येणार नाही, पण पंधरा तारखेनंतर दोन दिवस येईन आणि पुस्तक आणणार नाही.” घरच्यांना नकार तितका टोचत नाही, जितकं आपलं अर्धवट येणं टोचतं. बारशाला जाऊन कोठीआड बसण्यापेक्षा न जाणं बरं, आणि त्याहून बरं म्हणजे जाणं आणि त्या सोमवारच्या टेस्टमध्ये दोन मार्क कमी घेणं. हे माझं मत. ते पटायलाच हवं असं नाही. (पाहा, मीही च लावायचं टाळते.)

बॅलन्स हा शब्दच मला तितकासा आवडत नाही. तागडी डोळ्यांसमोर येते, दोन्ही पारडी कायम समान. शिकणाऱ्या पोरांचं तसं कधी नसतं. परीक्षेच्या महिन्यात पारडं एकीकडे झुकणार, आजी आजारी पडली की दुसरीकडे. झुकू दे. पलटता आलं म्हणजे झालं.

एक मात्र वेगळं सांगते. दोन-तीन आठवडे झोपच नाही, जेवण जात नाही, कशातच रस उरलेला नाही, किंवा जगणंच नको असे विचार येतायत, तर हा अभ्यास-घराचा पेच समजून अंगावर काढू नका. डॉक्टरांना भेटा. १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी नंबरवर चोवीस तास फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं.

वैष्णवी इंटर्नशिपला असताना एकदा सहज भेटायला आली. आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आठवडाभर घरी राहून आली होती. ऑपरेशनआधी पट्टी कुठल्या डोळ्याला बांधणार हे आजीला हिनेच समजावलं, आणि मावशी शेजारी बसून गप्प ऐकत होती म्हणे. भाचा आता भिंतीला धरून चालतो, फोनवर हिला बघितलं की स्क्रीन चाटतो.

बोलता बोलता तिने मला एक फॉर्म वाचायला दिला. मी तो हात लांब करून धरला. तिने आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग चष्म्याकडे.

“मॅडम, चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला?”

मी म्हटलं, “अगं, वेळच मिळत नाही.”

ती काही बोलली नाही. सॅकची चेन उघडून टॉर्च शोधायला लागली.