खुर्चीत कसा बसतो, ते पाहा

प्रश्न : मुलगा बारावी कॉमर्सला आहे. क्लासच्या नावाखाली तो स्नूकर खेळायला जातो, हे दिवाळीत कळलं. आता म्हणतो, प्रोफेशनल खेळाडूच व्हायचं. त्याच्या बाबांनी बोलणं टाकलंय. काय करावं? – एक आई, सोलापूर

ताई, खोटं बोलला म्हणून त्याला जरूर रागवा. पण खेळाला नावं ठेवू नका. स्नूकर, म्हणजे टेबलावर काठीने (क्यूने) चेंडू खिशात पाडायचा खेळ, जन्मला तोच आपल्याकडे, १८७५ साली, जबलपूरच्या छावणीत. त्याचा सख्खा भाऊ बिलियर्ड्स. त्यात पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली जगज्जेते झाले, तेव्हा वैयक्तिक खेळात असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होते.

मुलं मोबाइलवर १४७चे ब्रेक, म्हणजे एकाच पाळीत टेबल साफ करून घेतलेले १४७ गुण, बघतात आणि भारावतात. मला मात्र खुर्चीची काळजी वाटते. एक लाल चेंडू हुकला की समोरचा टेबलावर येतो आणि तो चुकेपर्यंत आपण खुर्चीत. क्रिकेटमध्ये निदान फिल्डिंग तरी असते, इथे हातात काहीच नाही. लाल, काळा, पुन्हा लाल. मध्ये क्यूला खडू घासल्याचा आवाज. डोळ्यांदेखत फ्रेम, म्हणजे सामन्यातला एक डाव, जाते.

एका स्पर्धेत दोन मुलं पाहिली, ती विसरत नाही. पहिला खुर्चीत पाय हलवत, स्कोअरबोर्डकडे बघत बसला होता. संधी मिळताच घाईने लांबचा पॉट मारायला, म्हणजे लांबून चेंडू खिशात घालायला गेला आणि हुकला. दुसरा घोटभर पाणी पिऊन नुसतं टेबल बघत होता. पाळी आली तेव्हा त्याने पॉटचा मोहच धरला नाही. लालला हलका स्पर्श करून पांढरा चेंडू टेबलाच्या मागच्या कडेला नेऊन ठेवला, म्हणजे समोरच्याला सोपा फटका उरू नये. हात पहिल्याचा जास्त चांगला होता. तरी मी भरवसा दुसऱ्यावर ठेवीन.

आता पोटापाण्याचं. व्यावसायिक स्पर्धांच्या मुख्य मालिकेत, म्हणजे टूरवर, जगभरातले सव्वाशेच्या आसपास खेळाडू. नवख्याला टूरवर खेळायचं कार्ड मिळतं दोन वर्षांचं, पगार नसतो, आणि क्रमवारी ठरते जिंकलेल्या पौंडांवर. स्पर्धा बहुतेक ब्रिटन आणि चीनमध्ये, म्हणजे घर सोडून राहणं आलंच. मुंबईचा आदित्य मेहता २०१३ साली दिल्लीत इंडियन ओपनच्या अंतिम फेरीत पोचला. टूरच्या क्रमवारीत धरल्या जाणाऱ्या स्पर्धेत तिथवर जाणारा तो पहिला भारतीय. आणि त्या सामन्यात चीनच्या डिंग जुनहुईकडून ०-५ हरला. बिलियर्ड्स आणि स्नूकर दोन्ही खेळणाऱ्या आपल्या पंकज अडवाणीने तर २०१४ साली टूरचं कार्ड आपणहून सोडलं आणि तरीही पुढे जगज्जेतेपदं जिंकत राहिला. कॉमर्सची पदवी आणि ओएनजीसीची नोकरी त्याच्यापाशी होती. टूर म्हणजेच करिअर असं नाही, हे मुलाला पंकजच्याच उदाहरणावरून सांगा.

बारावीची परीक्षा नीट देऊ दे. मग बी.कॉम.ला प्रवेश, आणि सोबत दोन वर्षं खेळाला द्या, पण उघडपणे, घरून पैसे देऊन. राज्य संघटनेच्या निवड स्पर्धा त्याने खेळायलाच हव्यात. क्लबातल्या मित्रांना हरवून काही कळत नाही. हरलेल्या प्रत्येक फ्रेमबद्दल वहीत दोन ओळी लिहायला सांगा.

आणि त्याच्या बाबांना एका सामन्याला घेऊन जा. मुलगा टेबलावर असेल तेव्हा सगळेच बघतील. तो खुर्चीत बसलेला असेल, तेव्हा बाबांनी बघावं. घरी येताना बोलायला विषय मिळेल.