गोव्यात वेर्ण्याला नोकरी, घर सावंतवाडीला: सोमवार ते शुक्रवार राहायला स्वस्त खोली कशी मिळवावी?

फक्त पाच दिवसांचं भाडं घेणारा मालक शोधत बसू नका, तो सहसा मिळतच नाही. महिन्याचंच भाडं धरा आणि खोली दोघांत घ्या. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांत शिफ्ट चालतात, त्यामुळे जोडीदाराची शिफ्ट आधी विचारा. त्याची रात्रपाळी असेल तर दिवसा झोपणारा माणूस आणि तुमचा सकाळचा गजर यांचं जमत नाही.

शोध वेर्णा, नागवे, नुवे, बिर्ला (झुआरीनगर) या भागांत घ्या. कळंगुट-बागाकडे फिरकूच नका, तिथली भाडी पर्यटकांच्या हिशेबाने ठरतात. मडगावात खोली थोडी महाग पडली तरी खानावळ आणि शुक्रवारी गावी जायला रेल्वे स्टेशन, दोन्ही हाताशी येतात. कंपनीची बस कुठल्या नाक्यावर थांबते हे कळल्याशिवाय मात्र कुठेही आगाऊ पैसे देऊ नका.

खोली बघताना कपाट पुढे ओढून मागच्या भिंतीला हात लावा. ओल असेल तर पावसाळ्यात शनिवार-रविवार बंद राहिलेल्या खोलीत कपड्यांना बुरशी येते. वीज सब-मीटरवर (खोलीपुरत्या वेगळ्या मीटरवर) आहे का, युनिटला किती लावतात, तेही विचारा; ठोक रक्कम असेल तर गावी असलेल्या दिवसांचेही पैसे जातात. खानावळीत महिन्याचा डबा लावू नका, कूपन मिळतं का पाहा.

अकरा महिन्यांचा करार लेखी करा, त्यात डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल ते लिहून घ्या. पोलिस ठाण्यातली भाडेकरू नोंदणी मालकाकडून पहिल्याच आठवड्यात करवून घ्या.