रात्रपाळीला लागण्यापूर्वी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

रक्तपेढीत तुझी नेमणूक झाली आणि लवकरच रात्रपाळी सुरू होणार, हे ऐकून फार आनंद झाला. सगळ्यात आधी काय पक्कं करू, असं तू विचारलंस. मशीन, सॉफ्टवेअर, एलायझा (संसर्ग शोधणारी चाचणी) हे तुला तिथले लोक शिकवतील. मी लिहिते आहे ते पेशंटच्या रक्ताच्या ट्यूबवरच्या नावाबद्दल.

रक्त चढवायचं म्हटलं की नातेवाइकांना एचआयव्हीची धास्ती वाटते. ती रास्तच आहे. म्हणून तर प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस, मलेरिया अशी तपासणी होते. पण तपासून निर्दोष ठरलेलं रक्तसुद्धा चुकीच्या माणसाला गेलं तर जीव घेतं. ए गटाच्या पेशी ओ गटाच्या माणसाच्या शरीरात गेल्या, की त्याच्या अँटिबॉडी त्या रक्तवाहिनीतच फोडायला लागतात. किडनी बंद पडू शकते, रक्त गोठण्याची सगळी व्यवस्था कोलमडते. त्यासाठी अख्खी पिशवी जावी लागत नाही, थोडे मिलिलिटर पुरतात. शुद्धीवरचा पेशंट निदान थंडी वाजते, कंबर दुखते असं सांगतो. ऑपरेशन टेबलावर भूल दिलेला काय सांगणार? आणि असे अपघात बहुतेक वेळा ग्रुपिंग, म्हणजे रक्तगटाची तपासणी चुकल्यामुळे होत नाहीत. कुणाचं तरी सँपल दुसऱ्याच्या नावाने येतं, किंवा एकाची पिशवी दुसऱ्याच्या खाटेला लटकते.

आपल्याकडे याला जागाही भरपूर. एकाच वॉर्डात दोन शिंदे, तीन पाटील असतात. बाळंतिणीच्या फॉर्मवर सासरचं नाव आणि ट्यूबवर माहेरचं, हे तर तुला नेहमी दिसेल. वॉर्डबॉय सांगेल, "अहो मॅडम, एकच बाई आहे ती, मी ओळखतो." तो खरंही सांगत असेल. तरी ते सँपल घ्यायचं नाही. पेशंटचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक फॉर्मवर आणि ट्यूबवर अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. खाडाखोड करून दुरुस्त केलेलं लेबल चालवून घेऊ नकोस, नवीन सँपल मागव. पेशंट पहिल्यांदाच तुमच्याकडे आला असेल आणि वेळ असेल, तर वेगळ्या वेळी काढलेल्या दुसऱ्या सँपलवर गट पुन्हा बघ. पहिलं सँपलच दुसऱ्याचं असेल तर ते फक्त इथेच उघड होतं. तुझं क्रॉसमॅच, म्हणजे पेशंटच्या सँपलशी पिशवी जुळवून बघणं, त्याला पकडणार नाही, कारण तू त्याच चुकीच्या ट्यूबशी पिशवी जुळवत असतेस.

यावरून तुझ्यावर लोक ओरडतील. रेसिडेंट डॉक्टर म्हणतील, इकडे पेशंट चाललाय आणि तुम्ही लेबलं बघताय. त्यांचा राग मनावर घेऊ नकोस, त्यांच्यासमोर खरोखरच रक्त वाहत असतं. अगदीच थांबता येणार नसेल तर त्याची वाट नियमात आहे: डॉक्टरांची लेखी मागणी घेऊन क्रॉसमॅचविना ओ गटाच्या लाल पेशी देता येतात, मूल होण्याच्या वयाची बाई असेल तर शक्यतो ओ निगेटिव्ह. ती पिशवी सुरू होण्याआधी सँपल काढून ठेवायला मात्र सांगायचं. प्लाझ्माचं, म्हणजे रक्तातल्या द्रव भागाचं, उलटं असतं, तिथे सर्वांना चालणारा गट एबी. घाईत हे डोक्यातून निसटतं, म्हणून भिंतीवर लावून ठेव.

तापमानाचं तुला माहीतच आहे. लाल पेशी २ ते ६ अंशांत, सीपीडीए या रक्त टिकवणाऱ्या द्रावणात ३५ दिवस आणि सॅगम या द्रावणात ४२. प्लेटलेट २० ते २४ अंशांत, पिशवी सतत हलवत ठेवणाऱ्या ॲजिटेटरवर, जेमतेम ५ दिवस. पुस्तकात नसतं ते असं, की पेढीच्या खिडकीबाहेर या पिशवीचं काय होतं ते तुलाच सांगावं लागेल. घाबरलेला मुलगा आईसाठी प्लेटलेट घेऊन निघतो आणि मायेपोटी ती बर्फात ठेवतो. दुसरा एफएफपी, म्हणजे गोठवलेला ताजा प्लाझ्मा, लवकर का मिळत नाही म्हणून चिडतो. त्याला सांग, की ती गोठलेली पिशवी ३७ अंशांच्या वॉटरबाथमध्ये हळूहळूच वितळवावी लागते, गरम पाण्यात टाकली तर आतली प्रथिनं वाया जातात. पावसाळ्यात डेंग्यू आला की खिडकीवर रांग लागते. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेटचा काउंट दहा हजारांच्या वर असताना साधारणपणे प्लेटलेटची गरज नसते. हा निर्णय डॉक्टरांचा, पण नातेवाइकांनी विचारलं तर त्यांना डॉक्टरांशी शांतपणे बोलायला सुचव. त्या ५ दिवसांच्या पिशवीची ल्युकेमियाच्या एखाद्या पोराला जास्त गरज असते.

आता तिसऱ्या ट्यूबचं. रिव्हर्स ग्रुपिंग करताना, म्हणजे पेशंटच्या सीरममध्ये माहीत असलेल्या गटांच्या पेशी टाकून गट पडताळताना, ए सेल आणि बी सेल टाकले, की काम झालं असं रात्री दोनला वाटू लागतं. ओ सेलची ट्यूब कधीही गाळू नकोस. १९५२ साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो गट प्रथम नोंदवला, तो बॉम्बे गट याच ट्यूबमध्ये सापडतो. या माणसांच्या पेशींवर ए नाही, बी नाही, आणि ओ गटात भरपूर असणारी एच नावाची खूणसुद्धा नाही. पेशींचा गट ओळखणारे अँटिसेरा टाकलेस तर गट ओ दिसेल, ए आणि बी सेलसुद्धा ओ असल्यासारखेच वागतील. फक्त ओ सेल टाकलेल्या ट्यूबमध्ये गुठळ्या होतील, कारण त्यांच्या सीरममध्ये एचविरुद्धची अँटिबॉडी, म्हणजे अँटी-एच असतं. अशा माणसाला ओ गटाचं रक्त दिलं तर ते त्याला सोसत नाही. भारतात साधारण दहा हजारांत एक असा हिशोब सांगतात. तो दुर्मिळ आहे खरा, पण आपण ज्या भागात काम करतो तिथे तो कुणाच्याही पाळीत येऊ शकतो.

तुझ्या पाळीत ओ दिसणाऱ्या पेशंटला एकामागून एक ओ पिशव्या जुळत नाहीत असं झालं, तर त्याच पिशव्या पुन्हा पुन्हा लावण्यात वेळ घालवू नकोस. ओ सेल बघ, पेशींवरचं एच ओळखणारं अँटी-एच लेक्टिन असेल तर ते लाव, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना तेव्हाच उठव. मग पहिला प्रश्न विचार: सख्खे भाऊ-बहीण किती? हा गुण आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, त्यामुळे भावंडांमध्ये तो असण्याची शक्यता चारात एक असते. दहा हजारांत शोधण्यापेक्षा घरात शोधणं सोपं. सापडलेल्या प्रत्येकाचं नाव तुमच्या दुर्मिळ रक्तदात्यांच्या यादीत त्याच दिवशी घाल, त्याच्या परवानगीने, आणि दर वर्षी त्याचा फोन नंबर चालू आहे का ते तपासत जा.

तुझ्या,
मॅडम