जळकी फळी, खारा वारा

प्रश्न : वेंगुर्ल्याला समुद्राजवळ घर बांधतोय. पडवीच्या पश्चिमेकडच्या भिंतीला जपानी पद्धतीच्या जाळलेल्या काळ्या फळ्या लावायच्या आहेत. सुतार म्हणतो, सागवानावर गॅसची ज्योत फिरवली की काम झालं. वाळवीही लागणार नाही म्हणतो. खरं का?

उत्तर : दोन्ही चूक. या कामाला जपानीत याकिसुगी म्हणतात. याकि म्हणजे भाजलेलं आणि सुगी हे झाडाचं नाव (आपली कापणीची सुगी नव्हे). हे लाकूड हलकं, मऊ असतं, म्हणून कोळशाचा थर जाड धरतो. सागवान घट्ट आणि तेलकट, त्यावर थर पातळ आणि डागाडागांनी बसतो. शिवाय चांगल्या सागाला असल्या कवचाची गरजच नसते. सुगीचं झाड दार्जिलिंगच्या डोंगरात धुपी नावाने भरपूर लावलेलं आहे, पण तिथून फळ्या आणणं परवडायचं नाही. देवदार घ्या, 20 मिमी जाडीचा, नीट सुकवलेला.

तीन फळ्या तारेने बांधून त्रिकोणी नळकांडं करतात, ते उभं धरून खालून कागद आणि ढलप्या पेटवतात. चिमणीसारखी ओढ लागते आणि आतली बाजू काही मिनिटांत भाजून निघते. लगेच तार सोडून पाणी ओतायचं. सुमारे 3 मिमी कोळसा हवा. नुसत्या ज्योतीने कातडी तेवढी काळी होते, ती पश्चिमेच्या झडीत टिकत नाही. हे काम दिवाळीनंतर, वारा पडलेला असताना आणि सुक्या गवतापासून लांब करा.

पडवीत माणसं भिंतीला टेकून बसणार, म्हणजे कपडे काळे होणार. तेव्हा तारेच्या ब्रशने रेषेच्या दिशेने घासून, धुऊन, पूर्ण वाळवून जवसाच्या उकळलेल्या तेलाचे दोन हात द्या. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून ठेवा.

फळ्या बहुधा मागून आणि टोकांतून कुजतात, कारण तिथे कोळसा नसतो. वाळवीही तिथूनच शिरते. म्हणून टोकांना तेल भरपूर पाजा, भिंत आणि फळी यांत 25 मिमीची पोकळी खालून-वरून उघडी ठेवा आणि फळ्यांची खालची कड जमिनीपासून निदान 30 सेंमी वर राहू द्या. स्क्रू 316 दर्जाचे स्टेनलेस घ्या. 304 वर खाऱ्या हवेत तांबेरा येतो आणि काळ्या फळीवर त्याचे ओघळ फार वाईट दिसतात.

प्रश्न : ओटी आणि माजघर यांच्यामध्ये शोजी, म्हणजे जपानी पद्धतीची कागद लावलेली सरकती दारं केली. जुलैत कागद सैल पडला, काळे ठिपके आले, दारंही अडकतात.

उत्तर : कागद दमट हवेत फुगतो, सैलपणा दसऱ्यानंतर बराचसा जाईल. उरलेला काढायला पाण्याचा बारीक फवारा मारा, वाळताना कागद ताणला जातो. ठिपके बुरशीचे आहेत, ते जाणार नाहीत, कागद बदलावा लागेल. जपानमध्येही तो अधूनमधून बदलतातच. जुना कागद ओल्या फडक्याने सुटतो. खळ हे कसरीचं आवडतं खाणं, म्हणून नव्या खळीत बुकबाइंडर घालतात तसं चिमूटभर मोरचूद घाला. ते विषारी आहे, खळीचं भांडं मुलांपासून लांब ठेवा.

दार अडकतं ते बहुतेक खाचा चुकल्यामुळे. वरची खाच 15 मिमी खोल, खालची जेमतेम 3 मिमी असते, त्यामुळे दार वर उचलून सहज बाहेर निघतं. दार फुगायला जागा ठेवा आणि खालच्या खाचेत मेणबत्ती घासा. याहून सोपा उपाय क्योटोच्या जुन्या घरांत आहे. तिथे उन्हाळ्यात शोजी काढून बोरूच्या काड्यांची दारं बसवतात. तुम्ही जूनमध्ये शोजी काढून कोरड्या खोलीत उभी ठेवा आणि त्या जागी बांबूच्या कामट्यांची दारं लावा. आपल्याकडे पावसाआधी पडवीला झाप बांधतात, त्यातलाच हा प्रकार.

प्रश्न : तातामी, म्हणजे जमिनीवर अंथरायची जाड जपानी चटई, घालावी का?

उत्तर : नको. 5 सेंमीहून जाड गादी शहाबादी फरशीवर पावसाळाभर पडून राहिली की खालून बुरशी धरते. गुंडाळून उन्हात टाकता येईल अशी चटई बरी.