पोथी चिकटवू नकोस, तिची नोंद ठेव

वाईहून बारावी सायन्सच्या एका विद्यार्थिनीने लिहिलंय: ‘मला जुनी चित्रं, हस्तलिखितं जतन करण्याच्या क्षेत्रात जायचंय. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झाली आहे. एका संग्रहालयात इंटर्नशिप मागितली, तर पदवीनंतर या म्हणाले. घरी पणजोबांची पोथी आहे, पानं फाटलीत. तोवर तिच्यावरच हात बसवू का? आणि सायन्स सोडून आर्ट्‌सला जाऊ का?’

सायन्स सोडू नकोस आणि पोथी चिकटवू नकोस. दोन्हींमागचं कारण एकच आहे: जुन्या वस्तूला लावलेला पदार्थ पुढे तिचं काय करेल, हे आधी कळायला हवं.

अजिंठ्याची चित्रं वाचवायला १९२० च्या सुमाराला निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले होते. त्यांनी चित्रांवर शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, थर दिला. हेतू चांगलाच होता. पण तो थर पुढे पिवळा पडला, काळवंडला आणि त्याखाली मूळ रंग झाकले गेले. तो काढायला पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना वर्षानुवर्षं खपावं लागलं. म्हणून आज प्रयोगशाळेत फाटलेलं पान जपानी टिश्यू या पातळ पण चिवट कागदाने आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने जोडतात. ही खळी पुढे कधीही पाण्याने सोडवता येते. सेलोटेपचा गोंद मात्र कागदाच्या तंतूंत उतरतो आणि पट्टी निघाली तरी डाग राहतो. मी शाळेत असताना आमच्या घरच्या पोथीवर हेच केलं होतं. तो तपकिरी पट्टा अजून तिथे आहे, आणि बघितला की अजून वाईट वाटतं.

मग अनुभव कशाचा घ्यायचा? बघण्याचा आणि लिहून ठेवण्याचा. वस्तू हातात आली की संवर्धक (जुन्या वस्तू जतन करणारा तज्ज्ञ) आधी तिचा स्थिती-अहवाल, म्हणजे ती आत्ता कोणत्या अवस्थेत आहे याची नोंद, लिहितो. तो तुला आजपासून लिहिता येईल. हात धुऊन कोरडे कर (कागदाला हातमोज्यांपेक्षा स्वच्छ हात बरे, पानाची कड नीट जाणवते). पानांची मापं घे, फोटो काढ. टॉर्च बाजूने तिरपी धरून बघ, सरळ उजेडात न दिसणाऱ्या घड्या आणि फुगवटे दिसतील. कसरीची भोकं, पाण्याचे डाग, शाईने खाल्लेली अक्षरं, सगळं पानाची आकृती काढून तिच्यावर खूण करून टिप. साधा आर्द्रतामापक घेऊन कपाटात ठेव आणि आषाढ-श्रावणात रोजचा आकडा लिही. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर फार दिवस राहिली की बुरशी धरते. वाईच्या पावसात तुझ्या आकड्यांतून पुष्कळ कळेल.

गावातल्या जुन्या ग्रंथालयात पुस्तकं मऊ ब्रशने झाडायला, याद्या करायला मदत कर, पण तोंडाला मास्क लावूनच. पुस्तकबांधणी करणाऱ्या एखाद्या कारागिराकडे सुट्टीत बस. जमलं तर मोडी शीक. पेशवेकालीन कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) पुढे समोर येतील, तेव्हा कागद उलटा धरला आहे का, एवढं तरी कळायला हवं!

रसायनशास्त्र कुठे लागतं, तेही तुला घरीच दिसेल. चिंध्यांपासून केलेला जुना जुन्नरी कागद अडीचशे वर्षांनंतरही लवचिक सापडतो, पण पन्नास वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र हातात चुरतं. लाकडाच्या लगद्यातला लिग्निन नावाचा घटक आणि कागदातलं आम्ल हे त्याचं कारण. बीएस्सी केमिस्ट्री कर, सोबत ड्रॉइंग आणि जलरंगात छटा हुबेहूब जुळवण्याचा सराव सोडू नकोस. पुढे नोएडाच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजमध्ये (पूर्वीची दिल्लीची राष्ट्रीय संग्रहालय संस्था) कन्झर्व्हेशनचं एमए आहे. प्रवेशाचे निकष त्या-त्या वर्षी तपासून घे. आईबाबांना हेही सांग की सरकारी जागा मोजक्या असतात आणि खासगी काम बरंचसं प्रकल्पागणिक मिळतं. ते आधी माहीत असलेलं बरं.

पावसाळा संपला की तुझा अहवाल आणि आर्द्रतेची वही घेऊन पुण्याच्या भांडारकर संस्थेला किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन विभागाला पत्र लिही. इंटर्नशिप मागू नकोस. ‘एक दिवस काम बघायला येऊ का? माझ्या नोंदींत काय चुकलंय ते सांगाल का?’ एवढंच विचार. नुसत्या अर्जापेक्षा अशा पत्राला उत्तर येण्याची शक्यता कितीतरी जास्त.

आणि हो, पोथी ठेवलेलं कपाट बाहेरच्या भिंतीला टेकून असेल, तर ते आजच हातभर पुढे ओढून घे. ओल तिथूनच येते.