मिडल स्कूलमधून शिस्तभंगाचा फोन आला, तर पहिल्या दोन दिवसांत काय करायचं

अमेरिकेतल्या मिडल स्कूलमध्ये, म्हणजे साधारण सहावी ते आठवीत, काही घडलं की घरी फोन येतो तो बहुधा असिस्टंट प्रिन्सिपलचा. त्या फोननंतर आपल्या घरांत दोन गोष्टी हमखास होतात. आधी मुलावर आवाज चढतो. मग काय घडलं हे नीट कळायच्या आतच शाळेची माफी मागितली जाते. मोठ्यांसमोर वाद न घालता ‘चुकलं’ म्हणावं, असं आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. शाळेच्या फाइलमध्ये मात्र ते ‘चुकलं’ गुन्ह्याची कबुली म्हणून उतरतं, आणि पुढची शिक्षा त्यावर ठरते. म्हणून मुलाची समजूत घालायची की कान उघाडणी करायची, हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी कागद हातात घ्या.

पहिला कागद म्हणजे डिस्ट्रिक्टचा (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा) ‘कोड ऑफ कंडक्ट’, म्हणजे वर्तनाची नियमावली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पोर्टलवर वाचल्याची सही करून आपण तो मिटून टाकतो. त्यात गैरवर्तनाचे स्तर दिलेले असतात आणि प्रत्येक स्तरासमोर कोणती शिक्षा देता येते तेही लिहिलेलं असतं. खालच्या पायरीवर उशिरा येणं, हॉल पासशिवाय फिरणं, ड्रेस कोड, वर्गात फोन. त्याबद्दल समज, घरी फोन किंवा जेवणाच्या सुट्टीतलं वा शाळेनंतरचं डिटेन्शन, म्हणजे शिक्षा म्हणून थांबवून ठेवणं. त्यावर इन-स्कूल सस्पेन्शन, म्हणजे दिवसभर शाळेतच पण वेगळ्या खोलीत. मग घरी बसवणारं सस्पेन्शन, पर्यायी शाळा, आणि शेवटी एक्सपल्शन, म्हणजे शाळेतून काढून टाकणं. फोनवर विचारायचा पहिला प्रश्न हाच: “कोडमधल्या कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या स्तराची नोंद केली आहे?” ढकलाढकली आणि मारामारी, चिडवणं आणि बुलिंग, वस्तू उचलणं आणि चोरी, या जोड्यांमध्ये एका स्तराचा फरक असू शकतो आणि शिक्षेत कित्येक दिवसांचा.

आमचं स्पष्ट मत: डिटेन्शनसाठी भांडू नका. मुलाला ते बसून पूर्ण करू द्या, त्याच्या वयाला ते झेपतं आणि त्यातून तो शिकतो. शाळेशी भांडायची ताकद सस्पेन्शन आणि त्यावरच्या शिक्षांसाठी राखून ठेवा, कारण तिथे शिकण्याचे दिवस जातात आणि नोंद मागे उरते.

सरकारी शाळेतल्या सस्पेन्शनला देशभर एक किमान अट आहे. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘गॉस विरुद्ध लोपेझ’ खटल्यात ठरवून दिलं की १० दिवसांपर्यंतच्या सस्पेन्शनसाठीही मुलाला आरोप सांगितला पाहिजे, तो नाकारल्यास शाळेकडे काय पुरावा आहे ते सांगितलं पाहिजे, आणि त्याची बाजू ऐकली पाहिजे. मूल शाळेत असण्याने कुणाला धोका असेल तर आधी घरी पाठवता येतं, पण मग ही सुनावणी लवकरात लवकर व्हावी लागते. ही सुनावणी म्हणजे ऑफिसातलं पाच मिनिटांचं बोलणंही असू शकतं, आणि तिथेच आपली मुलं गप्प बसतात. खाली पाहत मान हलवतात, ती मान ‘हो’ म्हणून नोंदली जाते. सहावीत पाय ठेवतानाच मुलाला एक वाक्य पाठ करून द्या: “मला माझी बाजू सांगायची आहे, आणि लेखी देण्याआधी आईबाबांशी बोलायचं आहे.” खासगी शाळेला हा निकाल लागू नाही. तिथे प्रवेशाच्या वेळी सही केलेला करार हाच नियम.

यापुढचं राज्यागणिक बदलतं. कॅलिफोर्नियात एका वेळी जास्तीत जास्त ५ शालेय दिवस सस्पेन्शन देता येतं. ‘विलफुल डिफायन्स’, म्हणजे नुसता उद्धटपणा किंवा न ऐकणं, या कारणासाठी मिडल स्कूलच्या मुलाला तिथे घरी बसवताच येत नाही. टेक्ससमध्ये घरी बसवण्याची मर्यादा ३ दिवसांची, पण तिथे मुलांना सक्तीच्या पर्यायी शाळेत पाठवण्याचे नियम कडक आहेत. न्यूयॉर्कमध्ये प्रिन्सिपल स्वतःच्या अधिकारात ५ दिवसांपर्यंत जाऊ शकतात, त्यापुढे सुपरिंटेंडंटसमोर, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखासमोर, सुनावणी लागते. टेक्ससमध्ये राहणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना: तिथे शारीरिक शिक्षा कायद्याने पूर्ण बंद नाही, काही डिस्ट्रिक्ट ती वापरू शकतात. तुमचं डिस्ट्रिक्ट त्यात असेल तर दर वर्षी सहीचं लेखी पत्र देऊन ती आपल्या मुलासाठी नाकारता येते.

आता आपल्या घरांतून नकळत घडणाऱ्या चुका. डब्यात फळ कापायला दिलेली छोटी सुरी, पेन्सिल बॉक्समधलं कटर, भारतातून आणलेली खेळण्यातली पण खरी वाटणारी बंदूक: कोडमध्ये ही शस्त्रं किंवा शस्त्रासारखी वस्तू ठरू शकतात. दिवाळीतली उरलेली फुलबाजी किंवा टिकल्यांची डबी दप्तरात राहिली, तर ती स्फोटकांच्या कलमात जाऊ शकते. डोकं दुखलं तर घे म्हणून दिलेली क्रोसिन हे औषधविषयक नियमाचं उल्लंघन, आणि ती मैत्रिणीला दिली तर ‘वाटप’, म्हणजे आणखी वरचा स्तर. औषध नर्सकडे, मूळ बाटलीत, डॉक्टरांच्या फॉर्मसह द्यायचं. दम्याचा इनहेलर मुलाने जवळ बाळगायचा असेल तर त्याचा वेगळा फॉर्म असतो. व्हेपचं (इलेक्ट्रॉनिक सिगारेटचं) तर मुलांना खडसावून सांगा: मित्राचं दोन मिनिटं खिशात ठेवलं तरी ते जवळ बाळगणंच ठरतं, आणि त्यात टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, निघालं तर प्रकरण तंबाखूच्या कलमातून अमली पदार्थांच्या कलमात जातं. ग्रुप चॅटवर रागात लिहिलेलं ‘उद्या संपवतो तुला’ हे इथे धमकी म्हणून तपासलं जातं, पोलिसांसह. मस्करी होती हे नंतर सांगून फारसं भागत नाही.

खऱ्या बंदुकीची गोष्ट वेगळी. १९९४ च्या गन-फ्री स्कूल्स कायद्यामुळे ती शाळेत आणल्यास किमान एक वर्षाचं एक्सपल्शन ठरलेलं आहे. ते कमी करण्याचा अधिकार डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाला आहे, तोही प्रकरण पाहून आणि लेखी.

फोन आल्याच्या संध्याकाळी करायच्या गोष्टी क्रमाने सांगतो, कारण क्रम चुकला की पुरावा जातो. आधी मुलाचं ऐका, मध्ये न बोलता, आणि त्याच्याच शब्दांत लिहून घ्या: किती वाजता, कोणत्या हॉलवेत, कोण कुठे उभं होतं, आधी काय बोललं गेलं, कोणता मोठा माणूस तिथे होता. आईने एकदा आणि बाबांनी एकदा असं दोनदा उलटतपासणीसारखं विचारू नका, तपशील सरकतात. फोनमधले मेसेज पुसू नका, मुलालाही पुसू देऊ नका. पुसले तर पुरावा नष्ट केल्यासारखं दिसतं. दुसऱ्याचे मेसेज असतील तर स्क्रीनशॉट घ्या. याला एकच अपवाद, पण फार महत्त्वाचा: अल्पवयीन मुलाचा नग्न फोटो असेल तर स्क्रीनशॉट नाही, फॉरवर्ड नाही, शाळेलाही पाठवायचा नाही. तो जवळ बाळगणं हाच गंभीर गुन्हा आहे. तशा वेळी पहिला फोन वकिलाला.

त्याच रात्री असिस्टंट प्रिन्सिपलना ईमेल लिहा. सूर सभ्य, मजकूर छोटा. कलम आणि स्तर लेखी कळवावा. घटनेचा अहवाल आणि मुलाने लिहून दिलेलं निवेदन पाहायला मिळावं. त्या वेळचं कॅमेरा फुटेज जपून ठेवावं. सस्पेन्शनचे दिवस आणि परतायची तारीख कळवावी. बुडणारा अभ्यास द्यावा. फुटेजची ओळ विसरू नका. बऱ्याच ठिकाणी रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. दुसरी मुलं त्यात दिसतात म्हणून शाळा प्रत द्यायला नकार देऊ शकते, पण जपून ठेवायला सांगितल्याची तुमची नोंद राहते. ईमेलमध्ये ‘आमच्या मुलाच्या वागण्याबद्दल क्षमस्व’ असं लिहू नका. ‘घटना आम्ही गांभीर्याने घेत आहोत’ एवढं पुरतं.

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगला शक्यतो दोघे जा, एकाने बोलावं आणि दुसऱ्याने टिपणं काढावीत. घरी आजी-आजोबाच असतील, किंवा तुम्हालाच इंग्रजीत अवघड बोलायचं दडपण असेल, तर दुभाषा मागा. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली तो पुरवणं सरकारी शाळेची जबाबदारी आहे. मुलाला किंवा त्याच्या भावंडाला दुभाषा करू नका. कागदावर सही मागितली तर ‘मिळाला’ आणि ‘मान्य’ यातलं काय लिहिलंय ते पाहा. मान्य नसेल तर सहीशेजारी ‘फक्त मिळाल्याची पोच’ असं लिहून तारीख घाला. आणि एक वाक्य कृपा करून तोंडातून जाऊ देऊ नका: “घरी गेल्यावर देतो त्याला दोन फटके.” शिक्षक आणि काउन्सेलर यांना मुलाच्या छळाचा संशय आल्यास कळवणं कायद्याने बंधनकारक असतं. सहज म्हणून काढलेल्या त्या शब्दांवरून बालसंरक्षण विभागाची माणसं दाराशी येऊ शकतात.

झडतीबद्दल मुलांना आधीच सांगून ठेवावं. १९८५ च्या न्यू जर्सीतल्या एका खटल्यापासून नियम असा की रास्त संशय असेल तर शाळा दप्तर तपासू शकते, पोलिसांसारखं वॉरंट लागत नाही. पण झडती संशयाच्या मानाने अतिरेकी असून चालत नाही. ॲरिझोनातल्या मिडल स्कूलमध्ये आयब्युप्रोफेनच्या गोळ्यांसाठी १३ वर्षांच्या मुलीची अंतर्वस्त्रांपर्यंत झडती घेतली गेली, ती सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली घटनाबाह्य ठरवली. मुलाने अंगावर जाऊन विरोध करू नये. फोन उघडून मागितला तर शांतपणे म्हणावं, “मी परवानगी देत नाही, आईबाबांना विचारा.” खोलीत पोलीस असतील, अगदी शाळेत नेमलेले रिसोर्स ऑफिसर असले तरी, मुलाने नाव सांगून पालकांना बोलवायला सांगावं आणि पुढे बोलू नये. प्रिन्सिपलशी बोलणं शाळेपुरतं राहीलच असं नाही, पोलिसांशी बोललेलं कोर्टापर्यंत जाऊ शकतं.

मुलाला आयईपी (अपंगत्व असलेल्या मुलासाठी आखलेली विशेष शिक्षणाची वैयक्तिक योजना) किंवा ५०४ प्लॅन (अपंगत्वामुळे शाळेत द्यायच्या सोयींची योजना) असेल तर चित्र बरंच बदलतं. आणि इथे आपली कुटुंबं सर्वात जास्त गमावतात, कारण एडीएचडी किंवा ऑटिझमचा संशय असूनही ‘शिक्का नको’ म्हणून शाळेला लेखी काही कळवत नाहीत. आयईपी असलेल्या मुलाला वर्षभरात १० पेक्षा जास्त दिवस बाहेर ठेवून त्याची जागा बदलायची असेल, तर निर्णयानंतर १० शालेय दिवसांत बैठक घेऊन पाहावं लागतं की ते वागणं अपंगत्वातूनच आलं का, किंवा शाळेने प्लॅन नीट न पाळल्यामुळे घडलं का. उत्तर ‘हो’ आलं तर मूल साधारणपणे आपल्या वर्गात परततं. शस्त्र, अमली पदार्थ किंवा गंभीर दुखापत असेल तरच ४५ शालेय दिवसांपर्यंत दुसरीकडे ठेवता येतं. तपासणी अजून झाली नसेल, पण घटनेच्या आधी पालकांनी शाळेच्या प्रशासनाला किंवा मुलाच्या शिक्षकांना लेखी काळजी कळवून ठेवली असेल, तरीही हे संरक्षण मागता येतं. शंका असेल तर ते चार ओळींचं पत्र आजच द्या. दुसरं म्हणजे, ‘आज जरा लवकर घेऊन जा’ असे फोन वारंवार येत असतील तर प्रत्येक वेळी तारीख आणि तास लिहून ठेवा. आयईपी असलेल्या मुलाचे हे तासही मोजायची मागणी करता येते, आणि दहा दिवस असे चोरपावलांनी भरतात.

मूल बुलिंगच्या प्रकरणात असेल, आरोपी म्हणून किंवा बळी म्हणून, तर न्यू जर्सीतल्या पालकांनी तारखा भिंतीवर लावाव्यात. तिथल्या २०११ च्या कायद्याखाली तक्रारीनंतर एका शालेय दिवसात चौकशी सुरू व्हावी लागते आणि लेखी तक्रारीपासून १० शालेय दिवसांत पूर्ण व्हावी लागते. निष्कर्ष डिस्ट्रिक्टच्या शिक्षण मंडळापुढे, म्हणजे बोर्डापुढे, गेल्यावर ५ शालेय दिवसांत दोन्हीकडच्या पालकांना लेखी माहिती मिळते, आणि ती मिळाल्यापासून ६० दिवसांत बोर्डापुढे सुनावणी मागता येते. उच्चार, डबा किंवा रंगावरून चिडवणं सुरू असेल तर तक्रार लेखीच करा. तोंडी सांगितलेलं विरून जातं.

राहिला नोंदींचा प्रश्न, ज्याच्या धास्तीने बरेच पालक आततायी होतात. आठवीतल्या सस्पेन्शनने कॉलेज जात नाही. कॉमन ॲपने, म्हणजे अनेक कॉलेजांसाठीच्या सामाईक प्रवेश अर्जाने, शालेय शिस्तीचा प्रश्न २०२१–२२ पासून काढून टाकला आहे, आणि जी कॉलेजं स्वतः विचारतात ती साधारण नववीपासूनचं विचारतात. शाळेचं सस्पेन्शन हा फौजदारी गुन्हाही नाही, त्यामुळे एच-४ (एच-१बी व्हिसाधारकाच्या कुटुंबाचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्डवर एवढ्याने परिणाम होत नाही. प्रकरण बाल न्यायालयात गेलं, विशेषतः अमली पदार्थांचं, तर मात्र कुठलीही कबुली देण्याआधी इमिग्रेशन वकिलालाही विचारा.

१९७४ च्या फर्पा (FERPA) या शैक्षणिक नोंदींविषयीच्या कायद्याने मुलाची फाइल पाहण्याचा हक्क पालकांना आहे. लेखी मागणीनंतर शाळेने ४५ दिवसांच्या आत ती दाखवायची असते. आठवी संपण्याआधी, किंवा दुसऱ्या राज्यात घर हलवण्याआधी, ही फाइल एकदा वाचाच. चुकीची किंवा दिशाभूल करणारी नोंद सुधारायला लेखी सांगता येतं. शाळेने नकार दिला तर सुनावणी मागता येते, आणि तिथेही नोंद बदलली नाही तर तुमचं निवेदन त्या नोंदीसोबत फाइलमध्ये ठेवावं लागतं. ते एका पानात बसवा, तारखा आणि घटना एवढंच. नव्या शाळेतला काउन्सेलर नोंदीच्या जोडीला तेही वाचतो.